कुल्माष आणि पाणी : महामारीतील प्रायोगिक उपचारांचा आपद्धर्म

ज्या औषधाचा गुण अद्याप सिद्ध झालेला नाही, ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला द्यावे की नाही, आणि द्यायचे तर कोणत्या मर्यादेत द्यावे, हा महामारीच्या काळात हमखास उभा राहणारा प्रश्न आहे. अशा औषधाला प्रायोगिक उपचार म्हणतात. त्याचे गुणदोष ठरवण्यासाठी रुग्णांच्या संमतीने, आधी आखलेल्या पद्धतीने आणि काटेकोर नोंदी ठेवून जो अभ्यास केला जातो त्याला चिकित्सा-चाचणी, म्हणजे रूढ भाषेत क्लिनिकल ट्रायल, म्हणतात. वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेतला वाटतो. परंतु करुणेचा ज्ञानाशी संबंध काय, आणि आजच्या रुग्णावर उद्याच्या अनोळखी रुग्णाचा काही हक्क पोहोचतो काय, या दोन मूलभूत शंका त्याच्या पोटात असल्यामुळे तो धर्मविचाराचाही प्रश्न ठरतो.

हा प्रश्न प्रत्यक्षात कसा उभा राहतो, ते एका गावाच्या उदाहरणाने पाहू. सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात, तारळी नदी कृष्णेला मिळते तेथे वसलेले उंब्रज हे पुणे-बंगळूर महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव आहे. एप्रिल २०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत या महामार्गाने उत्तरेला साताऱ्याकडे आणि दक्षिणेला कराडकडे औषधाच्या शोधात जाणाऱ्या नातेवाइकांच्या हातात जी चिठ्ठी असे, तिच्यावर बहुधा एकच नाव लिहिलेले असे : रेमडेसिव्हिर. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम आणि पुढचे चार दिवस रोज १०० मिलिग्रॅम असा त्याचा क्रम असल्याने शंभर मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागत, आणि म्हणून 'सहा इंजेक्शने आणा' हे वाक्य त्या महिन्यात घराघरांत ऐकू आले. या औषधाला भारतात जून २०२० मध्ये आणीबाणीच्या मर्यादित वापरासाठी परवानगी मिळाली होती. तुटवडा इतका वाढला की ११ एप्रिल २०२१ रोजी केंद्र सरकारला त्याची निर्यात थांबवावी लागली. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी' या बहुराष्ट्रीय चाचणीचे अंतरिम निष्कर्ष त्याआधी सहा महिने, ऑक्टोबर २०२० मध्येच, जाहीर झाले होते, आणि रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या मृत्यूंवर या औषधाचा फारसा परिणाम दिसत नाही, असे त्यांत म्हटले होते. या चाचणीच्या भारतातील भागाचे समन्वयन पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने केले होते. ज्ञान आणि ज्याला ज्ञानाची गरज आहे तो माणूस, हे दोघे एकाच रस्त्याच्या दोन टोकांना होते. तरीही त्यांची भेट झाली नाही.

या ठिकाणी डॉक्टरला किंवा नातेवाइकाला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. 'काहीही करा, पण पेशंटला वाचवा' ही विनवणी ज्याने ऐकली आहे, त्याला हात बांधून बसणे जमत नाही. बुडत्याला काडीचा आधार वाटतो, आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाने ती काडी पुढे करू नये, असे कोणताही धर्म सांगत नाही. संकटात नित्याचे नियम शिथिल होतात, हे भारतीय परंपरेने आपद्धर्म या संकल्पनेत स्पष्टपणे मान्य केले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्यासाठी स्वतंत्र उपपर्वच आहे. म्हणून नियम शिथिल करता येतात की नाही हा वाद येथे नाही. ते किती शिथिल करावेत आणि कोठे थांबावे, हा खरा विचाराचा विषय आहे.

या मर्यादेचे सर्वांत नेमके विवेचन छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायण याच्या कथेत सापडते. कुरुदेशातील पिके नष्ट झाल्यावर उपाशी भटकणारा हा विद्वान हत्ती पाळणाऱ्यांच्या गावात पोहोचतो आणि तेथे एकाला कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे शिजवलेले कडधान्य, खाताना पाहून त्याच्याकडे त्यातलेच उष्टे मागून घेतो. खाणे झाल्यावर तो माणूस त्याला आपले उष्टे पाणीही देऊ करतो, तेव्हा उषस्ती ते नाकारतो. कुल्माषही उष्टेच होते ना, असे त्या माणसाने विचारल्यावर तो उत्तर देतो की, ते खाल्ले नसते तर जगणेच शक्य नव्हते, पाणी मात्र हवे तेथे मिळू शकते. कथा एवढीच आहे. परंतु आपद्धर्माचे सारे तर्कशास्त्र तिच्यात आले आहे. जो नियम प्राणाच्या आड येतो तोच बाजूला ठेवावा, आणि जो पाळणे अजूनही शक्य आहे तो संकटाचे निमित्त करून सोडू नये.

महामारीतील उपचारांना ही कसोटी लावली, तर कुल्माष कोणते आणि पाणी कोणते, हे वेगळे करता येते. एरवी औषधाला परवानगी मिळण्यास अनेक वर्षे जातात, आणि तेवढा वेळ महामारीत नसतो. तेव्हा हा कालावधी आखडणे, टप्पे एकमेकांत मिसळणे, अपुऱ्या पुराव्यावर औषध वापरून पाहणे हे कुल्माष आहेत. रुग्णाला खरी माहिती देऊन त्याची संमती घेणे, कोणाला काय दिले आणि पुढे काय झाले याची नोंद ठेवणे, आणि गुण नाही असे दिसताच थांबणे, हे पाणी आहे. भर साथीतही ते उपलब्ध असते. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत, २०१४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी असिद्ध उपचार देणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य ठरवले, तेव्हा संमती घेण्याची आणि मिळालेली माहिती इतरांना खुली करण्याची अट त्यास जोडली होती. उषस्तीचा विवेक तो हाच.

नोंदीला इतके महत्त्व का, याचे उत्तर ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञान खरे कसे ठरते याच्या विचारात, शोधावे लागते. कावळा झाडावर बसायला आणि ताडाचे फळ गळायला एकच गाठ पडली, तर कावळ्यामुळे फळ पडले असे मानणे चुकीचे, हे काकतालीय न्यायाने सांगितले आहे. कोविडचे बहुसंख्य रुग्ण कोणत्याही विशेष औषधाविना बरे होत असल्याने, जे औषध द्यावे त्याला यश मिळाल्यासारखे दिसे. हा भ्रम टाळायचा तर औषध मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना हवी, आणि कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठी टाकून ठरवायला हवे; यालाच यादृच्छिक वाटप म्हणतात. औषधाच्या दुकानात न्यायची चिठ्ठी आशा देते. वाटपाची ही चिठ्ठी ज्ञान देते, आणि पुढच्या रुग्णाची आशा खरी की खोटी हे त्या ज्ञानावरून कळते.

बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे आजारी माणसाला देण्याच्या प्लाझ्मा-उपचाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्र शासनाने २९ जून २०२० रोजी 'प्लॅटिना' नावाचा प्लाझ्मा-चाचणीचा मोठा प्रकल्प सुरू केला. त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 'प्लॅसिड' ही चाचणी देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चालू होती. तिच्यात प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांचा आजार गंभीर झाला किंवा मृत्यू ओढवला, म्हणजे दोन्ही गटांत सांगण्याजोगा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तरी प्लाझ्मादाता मिळवण्याची धावपळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालू राहिली आणि मे २०२१ मध्ये राष्ट्रीय उपचारसूचीतून हा उपचार वगळला गेला. याउलट डेक्सामेथासोन हे जुने आणि स्वस्त स्टेरॉइड ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत खरे उतरले : व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि केवळ प्राणवायूवर असलेल्यांचे सुमारे एक-पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. गुणकारी औषधसुद्धा कोणासाठी गुणकारी हे ठाऊक असल्याशिवाय हितकर ठरत नाही, याची किंमत महाराष्ट्राने काळ्या बुरशीच्या आजाराच्या रूपाने मोजली, कारण अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर हे त्यामागचे प्रमुख घटक होते.

असे पारखून पाहणे आपल्या परंपरेतही आहे. आयुर्वेदात चरकाने आप्तवचन, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आहे. अनेक कारणांच्या संयोगातून कार्य कसे घडते, हे पारखणारी बुद्धी असा तिचा अर्थ आहे. उंब्रज हे समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एका मारुतीचे गाव, आणि त्याच समर्थांच्या दासबोधात प्रचीती या शब्दाला फार मोठे स्थान आहे. ज्याची प्रचीती नाही त्यावर विसंबू नये, ही शिकवण या मातीला परकी नाही. पारखून पाहण्याची वृत्ती बाहेरून आली आणि श्रद्धा तेवढी आपली, ही समजूत म्हणूनच निराधार आहे.

परंतु ज्ञान हवे म्हणून कोणालाही चाचणीत ढकलता येत नाही, आणि याची साक्षही महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. प्लेगची लस तयार केल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना लागण झाली आणि कोणी दगावले नाही. पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातील उंधेरा गावी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली गेली, तेव्हा लस घेतलेल्यांत ३ आणि न घेतलेल्यांत २६ मृत्यू झाले. या आकड्यांनी असंख्य प्राण वाचवले, हे खरे. तरी तुरुंगात असलेल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, आणि एकाच चुलीवर जेवणाऱ्यांपैकी कोणाला लस द्यायची नाही हे ठरवताना त्या घराला काय सांगितले गेले असेल, हे प्रश्न आजही मिटलेले नाहीत. त्याच १८९७ मध्ये पुण्यातील घरझडतीच्या सक्तीने लोक किती दुखावले होते, हे सर्वश्रुत आहे. आणि त्याच साथीत सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च रोजी वारल्या. एकीकडे माणसाला वस्तू मानणारी सक्ती आणि दुसरीकडे परक्याच्या लेकराला पाठीवर घेणारी करुणा, ही दोन टोके एकाच साथीने दाखवली.

चाचणीत सहभागी होण्याचे नैतिक मूल्य समजण्यासाठी ऋण ही कल्पना उपयोगी पडते. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, असे वैदिक वाङ्मय सांगते. शतपथ ब्राह्मण त्यांत मनुष्यऋणाची भर घालते. ऋषिऋण हे ज्ञानाचे ऋण आहे. आज दवाखान्यात मिळणारी प्रत्येक सिद्ध गोळी पूर्वी कोणा अनोळखी आजारी माणसाने आपल्या देहावर जोखीम घेतल्यामुळे मिळते, आणि हे देणे मागे फेडता येत नसल्याने पुढच्यांनाच द्यावे लागते. उंब्रजजवळ तारळीकाठी असलेल्या पालच्या खंडोबाला माणूस नवस बोलतो तो आपल्या माणसासाठी. चाचणीच्या संमतीपत्रावर सही करणारा रुग्ण, ज्यांची तोंडे तो कधी पाहणार नाही अशा माणसांसाठीही काही बोलत असतो. मात्र ऋण हे ऋणकोच्या सद्‌बुद्धीने फिटते, वसुलीने नव्हे. म्हणून ते संमतीपत्र रुग्णाच्या मराठीत, त्याला कळेल अशा दोन पानांत असावे, नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही हे त्यात ठळक असावे, आणि सही नातेवाइकाची घ्यावी लागली तरी शुद्धीवर येताच रुग्णाला विचारले जावे.

येथे न्यायाचा मुद्दा उपस्थित होतो. प्रायोगिक औषध मिळवण्याचा हक्क पुष्कळांनी मागितला, परंतु चांगल्या चाचणीत सहभागी होण्याचा हक्क फारसा कोणी मागितला नाही. चाचण्या बहुतांशी मोठ्या शहरांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत होतात. तालुक्याच्या गावाला मिळते ते चाचणीविना औषध, म्हणजे जोखीम तीच आणि ज्ञान शून्य. सांगली जिल्ह्यातील शिराळा हेही अकरा मारुतींपैकी एकाचे गाव. तेथील औद्योगिक वसाहतीतील आयसेरा बायोलॉजिकल या कंपनीने घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून कोविडवरचे औषध तयार करून २०२१ मध्ये मानवी चाचणीपर्यंत नेले. औषध शिराळ्यात घडू शकते, तर त्याचा गुण पारखणारी नोंदवही उंब्रजच्या दवाखान्यात का असू नये? ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणी यशस्वी झाली ती नेहमीच्या सार्वजनिक रुग्णालयांत, छोट्या अर्जांवर आणि मोजक्या नोंदींवर चालल्यामुळे. तशी रचना जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत शांततेच्या काळातच उभी केली, तर पुढच्या साथीत डॉक्टरला 'आणा' किंवा 'नाही' यांखेरीज तिसरे वाक्य उपलब्ध होईल : हे औषध लागू पडते की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही, ते शोधण्यात तुम्ही सामील होणार का?

या सर्व विचारावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. मरणाऱ्या माणसाकडे उद्याच्या रुग्णांचे हित पाहायला वेळ नसतो, आणि चिठ्ठीने त्याला औषध नाकारले तर ती क्रूरता होय, असे म्हणता येईल. औषध लाभदायक आहे हे ठाऊक असताना चिठ्ठी टाकली, तर ती क्रूरताच होय. परंतु चाचणीची पूर्वअटच अशी आहे की कोणता गट सुदैवी हे कोणालाही ठाऊक नसावे, आणि ठाऊक होताच चाचणी थांबवावी. ज्याच्या जवळपास एकही चाचणी नाही, त्या रुग्णाला करुणेपोटी असिद्ध औषध देणे क्षम्य आहे. कुल्माष खाण्यास उषस्तीनेही संकोच केला नाही. परंतु दिलेल्या औषधाची चार ओळींची नोंदही ठेवली नाही, तर त्या रुग्णाचे दुःख त्याच्याबरोबरच संपते आणि पुढच्या माणसाच्या हाती पुन्हा तीच चिठ्ठी पडते.

महामार्गावर सहा कुप्यांच्या शोधात निघालेल्या त्या असंख्य माणसांनी जे सोसले, त्यातून ज्ञान निर्माण होऊ शकले असते, आणि ते बहुतांशी झाले नाही. ही त्या साथीतली न मोजलेली हानी आहे. त्यांची वही कोणी लिहिली नाही. वही, संमती आणि थांबण्याची तयारी या तिन्ही गोष्टी तेव्हाही हाताशी होत्या, जसे त्या हत्तीवानांच्या गावात पाणी होते.