कपाटामागची भिंत

पाहुणा घरात येतो तेव्हा त्याला पुसलेली जमीन दिसते, धुतलेले पडदे दिसतात, भिंतीवरची तसबीर दिसते. कपाटामागची भिंत त्याला दिसत नाही. खरे म्हणजे ती घरच्यांनाही वर्षानुवर्षे दिसत नाही. आणि बुरशी धरते ती बहुधा तेथेच. हा विषय गवंड्याचा आहे, त्याचे या पानांत काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे आपण पाहिलेच नाही, त्याबद्दल आपण निर्दोष ठरतो काय?

समजा, एका गृहस्थाला आपल्या दोन खोल्या भाड्याने द्यावयाच्या आहेत. मागच्या खोलीत कुबट वास येतो. तो गवंड्याला बोलावीत नाही, रंगाऱ्याला बोलावतो. रंगाचे दोन हात बसतात, वास दबतो, आणि भाडेकरू आपल्या तान्ह्या मुलासह राहावयास येतो. गृहस्थाने एकही खोटा शब्द उच्चारलेला नाही. कोणी विचारले नाही, म्हणून त्याने सांगितले नाही. 'भिंतीत काय होते हे मला कोठे ठाऊक होते?' असे तो म्हणेल, आणि ते खरेही असेल. पण ठाऊक का नव्हते? पाहिले नाही म्हणून. पाहिले का नाही? पाहिले असते तर खर्च करावा लागला असता म्हणून. काही अज्ञान नकळत पदरी येते, त्याला क्षमा आहे. पण जे अज्ञान आपण सोयीसाठी जपून ठेवतो, त्याला अज्ञान म्हणता येईल काय?

या प्रश्नावर पवित्र शास्त्रात एक आश्चर्यकारक भाग आहे. लेवीय १४:३३ पासून पुढे घराच्या भिंतीवरील चट्ट्याविषयी नियम दिले आहेत. शब्बाथ शाळेत हा भाग आपण बहुधा ओलांडून जातो. भाषांतरात येथे महारोग किंवा कुष्ठ हा शब्द येतो, त्यामुळे गोंधळही होतो. मूळ इब्री शब्द त्वचा, वस्त्र आणि भिंत या तिन्हींवरील डागांना लावलेला आहे. ज्या कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला, तो काही भिंतीला होत नाही. हिरवट किंवा तांबूस, पृष्ठभागाच्या आत गेलेला आणि पसरत जाणारा असा हा चट्टा वर्णिला आहे. आजचे पुष्कळ अभ्यासक ही बुरशी असावी असे मानतात.

या नियमांचा क्रम पाहा. याजक घरोघर तपासणी करीत फिरत नाही. ज्याचे घर, ज्याचे नुकसान व्हावयाचे, त्यानेच जाऊन सांगावयाचे आहे. आणि तेही 'चट्ट्यासारखे काही दिसते' एवढेच. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहूदी ग्रंथात यावर मार्मिक विवेचन आहे. मालक कितीही विद्वान असला तरी त्याने निर्णय सांगू नये, दिसले तेवढेच सांगावे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे आपण तज्ज्ञ नाही ही सबब येथे चालत नाही. पाहणे आणि सांगणे एवढेच मालकाचे काम आहे.

दुसरी गोष्ट अधिक हृदयस्पर्शी आहे. याजकाने आत पाऊल टाकण्यापूर्वी घरातील सर्व सामान बाहेर काढावयाचे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी सामान अशुद्ध ठरू नये. मिश्नातील शास्त्री म्हणतात की ही सवलत मुख्यतः मातीच्या भांड्यांसाठी होती, कारण इतर वस्तू पाण्याने शुद्ध करता येत, मडकी मात्र फोडावी लागत. गरिबाची मडकी वाचावीत म्हणून नियमात एवढी काळजी! खरे बोलणाऱ्याच्या मनात कोणती भीती असते हे नियम देणाऱ्याने ओळखले होते. खरे सांगितल्यास सर्वस्व जाणार असेल, तर माणूस कपाट भिंतीला टेकवूनच ठेवील.

मग सात दिवस घर बंद. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावयाचे, आतला गिलावा खरवडावयाचा, आणि त्यानंतरच नवे दगड, नवा गिलावा. तरीही तो परत उद्भवला तर घर पाडावयाचे. आधी काढणे, मग लिंपणे. आपण नेमके उलट करतो. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यानेही दगड काढण्यास व खरवडण्यास हात लावावा, असे मिश्नात सांगितले आहे. वाड्यात वा सोसायटीत राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आजचे ज्ञान काय सांगते? बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, त्यांना घालवून देता येत नाही. त्यांना वाढावयास ओल हवी. भिजलेली गादी, चटई किंवा लाकूड २४ ते ४८ तासांत सुकले नाही तर बुरशी धरू लागते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे चिऱ्याची भिंत ओल ओढून घेते. ग्वाल्हेर-इंदूरकडे उन्हाळ्यात खिडक्या लावून कूलर चालविला की कोरड्या प्रदेशातही खोली दमट होते. हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये आणि बडोद्यात ऑगस्ट २०२४ मध्ये पुराचे पाणी घरांत शिरले. अशा वेळी पाणी ओसरले तरी भिंतीतील ओल मागे राहते.

शोध नाकाने सुरू करावा. कुबट वास येतो, पण डाग दिसत नाही, तर कपाटामागे, तसबिरीखाली, मोरीच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूस, फुगलेल्या रंगाच्या पापुद्र्याखाली पाहावे. पांढरी भुकटी पाण्याच्या थेंबात विरघळली तर तो लोणा, बुरशी नव्हे. पण भिंतीत पाणी आहे हे तोही सांगतो. भिंत पुसून कोरडी करावी, प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून एकदोन दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव जमले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूस जमले तर ती खोलीतील हवेची आहे.

पाण्याचा उगम आधी बंद करावा. मग नाक-तोंड झाकून, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून साबणाच्या पाण्याने डाग घासावा व जागा पूर्ण सुकवावी. दमेकऱ्याने हे काम करू नये. मेलेली बुरशीही त्रास देते, म्हणून ती नुसती मारून भागत नाही, काढावी लागते. बुरशी धरलेली गादी टाकून द्यावी. ब्लीचिंग पावडर अॅसिडमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. डाग सुमारे दहा चौरस फुटांहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवावे.

ही काळजी अवास्तव नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. अशा घरांत दमा व श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात असे तीत म्हटले आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब नावाचा दोन वर्षांचा मुलगा वारला. घरातील बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत लागला. त्याच्या वडिलांनी तक्रार केली होती. त्यावर रंग लावा, असे त्यांना सांगण्यात आले होते. कुटुंबाच्या राहणीमुळेच ओल येते, असाही समज करून घेण्यात आला होता. पुढे त्या बालकाच्या नावाने कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांत अशा धोक्याची चौकशी ठराविक मुदतीत करणे बंधनकारक आहे.

लेवीयातील याजक घरात येतो आणि भिंत पाहतो. तुझ्या हातून कोणते पाप घडले, असे तो त्या तपासणीत मालकाला विचारीत नाही. वाचकहो, आपण मात्र पुष्कळदा आधी माणूस तपासतो आणि भिंत राहून जाते.

तर आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? जे दिसणे शक्य नव्हते त्याचा दोष नाही. परंतु वास आल्यावरही ज्याने कपाट हलविले नाही, तो निर्दोष नव्हे; आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्याचे लेकरू देते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी एवढे जरूर करावे: आठवड्यातील सहा दिवस बंद असणारी आपली वर्गखोली पावसाळ्यात मधूनमधून उघडावी, पुस्तकांचे कपाट वीतभर पुढे ओढावे, मुलांच्या चटया उलटून पाहाव्यात. काही दिसले तर पंचांना तसे सांगावे. आणि पंचांनी, सांगणाऱ्यावर रागावू नये.