विषाद परतून आला तर



भाविक वाचकहो, वारी म्हणजे पुन्हा पुन्हा येणे. एकदाच पंढरी पाहून गेला तो यात्रेकरू. जो नेमाने परत येतो तो वारकरी. हा अर्थ आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण मनाचे दुखणेही असेच परत येते, तेव्हा मात्र आपला धीर सुटतो. एकदा बरे झालेले मन पुन्हा खचले म्हणजे मनुष्यास दुखण्यापेक्षा त्याच्या परतण्याचीच लाज अधिक वाटते.

कीर्तनानंतर एका माळकऱ्याने आम्हास हळूच विचारले, "महाराज, चार वर्षांपूर्वी झोप उडाली होती, छाती धडधडायची, अन्नावर वासना नव्हती. औषध घेतलं, नाम धरलं, बरा झालो. आता सगळं पुन्हा आलं. मग तेव्हाचं बरं होणं खोटं, की आमचं नाम खोटं? अशा माणसानं माळ तरी कशाला घालावी?"

हा पूर्वपक्ष झाला. याचे उत्तर शास्त्रात पाहू.

गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुनाची दशा आठवा. गात्रे गळाली, तोंडास कोरड पडली, अंगास कंप सुटला, त्वचेचा दाह होऊ लागला, गांडीव हातातून निसटले, उभे राहवेना, मन भ्रमू लागले. आजचा घाबरलेला रोगी डॉक्टरांपुढे बसून याहून निराळे काय सांगतो? आणि हा काही भित्रा मनुष्य नव्हे, गांडीवधारी पार्थ आहे! भगवंतांनी उपदेश केला. अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन म्हणाला, माझा मोह गेला, आता तू सांगशील तसे करीन. येथे आपण पोथी बांधून ठेवतो. पण महाभारत तेथे संपत नाही, बरं का!

पुढे अभिमन्यू पडला, तेव्हा गीता ऐकलेला हाच अर्जुन शोकाने व्याकूळ झाला. त्याहीपुढे आश्वमेधिक पर्वात अनुगीता आहे. युद्ध संपले, राज्य मिळाले, भगवान द्वारकेस जाण्याच्या बेतात आहेत. त्या वेळी अर्जुन म्हणतो, देवा, रणांगणावर तू स्नेहाने जे सांगितलेस ते माझ्या चित्तातून निघून गेले, ते मला पुन्हा ऐकायचे आहे. अहो, ज्याने विश्वरूप पाहिले तो हे बोलतो! भगवंतांस ते आवडले नाही, त्यांनी त्यास बोलही लावला. पण त्यास परत पाठविले नाही. ते म्हणाले, तेव्हा योगयुक्त होऊन जे बोललो ते जसेच्या तसे आता सांगता यायचे नाही. मात्र त्याच विषयावरचा एक प्राचीन इतिहास तुला सांगतो. आणि ते सांगू लागले.

यातून दोन सिद्धांत निघतात. पहिला असा की, विसर पडला म्हणून पहिला उपदेश खोटा ठरत नाही. मोह गेला असे अर्जुन म्हणाला ते त्या क्षणी सत्यच होते. त्या बळावरच तो युद्धास उभा राहिला. तसेच तुमचे चार वर्षांपूर्वीचे बरे होणे सत्यच होते. वैद्यशास्त्रही सांगते की, नैराश्याच्या विकारातून एकदा उठलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना तो पुढे पुन्हा कधी तरी गाठतो. तो या विकाराचा स्वभाव आहे. त्यात तुमच्या भक्तीची परीक्षा नाही. राहिली माळ. वासरू आजारी पडले म्हणून धनी त्याच्या गळ्यातले दावे सोडून त्यास रानात हाकलतो काय? माळ ही आपण कोणाचे आहोत याची खूण आहे. ती राहू द्या.

दुसरा सिद्धांत अधिक सूक्ष्म आहे. दुसऱ्या वेळचा उपाय पहिल्याच रूपात येईल असे नाही. पुष्कळांचे दुःख येथेच असते. "मागच्या वेळी काकड्याला उभं राहिलं की डोळे भरून यायचे, आता टाळ हातात असतो, पण आत काही हलत नाही." हलत नाही तर न हलो. नामाला गोडीची अट नाही. गोडी आली तर प्रसाद समजावा. न आली तरी सेवा रुजू झालीच. शंभर माळा होत नसतील तर एक करा. हरिपाठ म्हणवत नसेल तर दुसरा म्हणत असता नुसते बसून ऐका. नेम लहान करावा, पण तोडू नये. तुकोबारायांच्या गाथेत आनंदाचे अभंग आहेत तसे करुणापर अभंगही आहेत. रडत हाक मारली तरी ती हाकच असते.

आता कोणी शंका घेईल की, नाम असता औषध कशाला? त्याने माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढून पाहावा. गेल्या वर्षी चढलो म्हणून यंदा घाट सपाट होत नाही. तोच चढ, तोच घाम. मात्र वर गेले की सासवड येते, हे जुन्या वारकऱ्यास ठाऊक असते. नवख्यास ते नसते. आणि त्याच घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात. त्याने माउलींचा महिमा कमी होतो काय? तसेच वैद्याचे औषध ही चढावरची जादा बैलजोडी आहे. ती केव्हा सोडायची ते वैद्याने ठरवावे. बरे वाटताच आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. बरे वाटू लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवण्यास सांगतात, ते याचसाठी.

परतीच्या खुणाही ओळखून ठेवाव्या. पहाटे फार लवकर जाग येऊन मन खिन्न होणे, भजनी मंडळ टाळणे, क्षुल्लक गोष्टीने जीव घाबरा होणे, असे काही दिवस चालले तर घरी सांगावे आणि पूर्वीच्याच डॉक्टरांकडे जावे. पहिल्या वेळी कशाने उतार पडला ते एका कागदावर लिहून पोथीत ठेवावे. खचल्या मनास ते आठवत नाही. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र रात्र काढण्याचे धाडस एकट्याने करू नये. त्याच घटकेस कोणास तरी उठवावे. सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे; १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

घरच्या मंडळींसही एक विनंती. "इतक्या वाऱ्या करून हेच का?" असे म्हणू नये. दिंडीत कोणाच्या पायाला फोड आले तर आपण त्याचा गाठोडा आपल्या खांद्यावर घेतो आणि त्याच्या चालीने चालतो. घरातही तेच करावे.

भगवंतांनी अर्जुनास दुसऱ्यांदा सांगितले. विटेवर उभा असलेला तोच आहे. कितव्यांदा आलास, असे तो विचारीत नाही. आज जमेल तेवढे नाम घ्या, औषधाची वेळ चुकवू नका आणि उद्याचा मुक्काम उद्यावर ठेवा.

रामकृष्णहरि.