सुताराला हत्यारे किती लागतात?

आपल्या अनेक चर्चमध्ये संत जोसेफ यांचा पुतळा असतो. एका हातात लिलीचे फूल, कधी कडेवर बाळ येशू, आणि जवळच सुताराची एक-दोन हत्यारे: करवत, रंधा किंवा गुण्या. तेवढ्यावरून लहान मूलही त्यांना ओळखते. संत मार्क यांच्या शुभवर्तमानात (६:३) नाझरेथचे लोक येशूला सुतार म्हणतात, तर संत मत्तय यांच्या शुभवर्तमानात (१३:५५) ते त्याला सुताराचा मुलगा म्हणतात. मूळ ग्रीक शब्द आहे ‘तेक्तोन’. लाकूडकाम आणि बांधकाम करून पोट भरणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. त्या घरात हत्यारे किती होती, हे शुभवर्तमान सांगत नाही. आज मात्र हा प्रश्न विचारावासा वाटतो: सुताराला हत्यारे किती लागतात?

हा प्रश्न सुचण्याचे कारण आहे. अमेरिका, कॅनडा, जर्मनी अशा देशांत सुतारकामाची हौस असलेले हजारो लोक आहेत. त्यांचा पोटाचा उद्योग वेगळा असतो. कोणी बँकेत असतो, कोणी दवाखान्यात. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ते सुट्टीच्या दिवशी रंधा मारतात. छंद मोठा सुंदर आहे. पण या छंदाच्या पोटात दुसरा एक छंद वाढत जातो, तो म्हणजे हत्यारे विकत घेण्याचा. आणि हत्यारे वाढली की ती ठेवायची कुठे, म्हणून कपाटे, खण, पेट्या आणि भिंतीवरच्या फळ्या यांचा तिसरा छंद लागतो.

जर्मनीतील फेस्टूल या कंपनीचेच उदाहरण घ्या. १९२५ साली सुरू झालेली ही कंपनी उत्तम आणि महागडी विजेची हत्यारे बनवते. लाकडात खाच पाडून त्यात कुसू बसवण्यासाठी तिचे एक हातात धरण्याचे यंत्र आहे. अमेरिकेत त्या एका यंत्राची किंमत एक हजार डॉलरहून अधिक आहे. १९९३ पासून तिची हत्यारे एकावर एक घट्ट बसणाऱ्या पेट्यांमधून येतात. एक पेटी घेतली की दुसरी तिच्यावर बसते, तिसरी दुसरीवर. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांचेही तसेच. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला चालत नाही. म्हणून पहिले यंत्र ज्या रंगाचे, पुढची सगळी त्याच रंगाची. विकणाऱ्याचे यात काही चुकत नाही. तो त्याचा धंदा करतो. पण घेणाऱ्याला कळतही नाही की आपण काय बनवणार आहोत हा विचार मागे पडला आणि पुढची पेटी कोणती हा विचार पुढे आला.

हे वेड आजचेच आहे असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हेन्री स्टडली (१८३८–१९२५) नावाचा पियानो बनवणारा कारागीर होता. आपली हत्यारे ठेवण्यासाठी त्याने मॅहोगनीचे एक भिंतीवरचे कपाट बनवले. त्यात एबनी, हस्तिदंत आणि शिंपल्याची नक्षी आहे, आणि सुमारे तीनशे हत्यारे प्रत्येकी आपापल्या कोंदणात बसवलेली आहेत. ते कपाट पाहून आजही सुतारांचे भान हरपते. त्याने घडवलेले पियानो फारसे कोणाला ठाऊक नाहीत. कपाट मात्र जगभर ठाऊक आहे. स्टडलीला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्याने आयुष्यभर काम केले, आणि त्या कपाटातही त्याच्याच हातांचे कौशल्य आहे. तरी मनात एक विचार येऊन जातो: आपल्या मागे आपले काम उरेल, की आपली कपाटे?

आपल्याकडचे लोक म्हणतील, हे श्रीमंत देशांचे दुखणे आहे. तसे ते आता राहिलेले नाही. आखातातून सुट्टीवर येणारा आपला भाऊ सामानात ड्रिल मशीन घेऊन येतो. फोनवर दोन बटणे दाबली की पॉलिशचे यंत्र घरपोच येते. ज्याच्या घरी हत्यारे नाहीत त्याच्या घरी कॅमेरे आहेत, स्वयंपाकाची यंत्रे आहेत, मासेमारीच्या गळकाठ्या आहेत. वस्तू वेगळी, ओढ एकच.

मग चांगले हत्यार घेणे पाप आहे का? मुळीच नाही. उलट वाईट हत्यार कामाचा आणि कामगाराचा अपमान करते. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त घातक असते, कारण ती जोर लावायला लावते आणि जोरात सटकते. गोल पात्याच्या टेबल-करवतीने किती सुतारांची बोटे गेली असतील, देव जाणे. स्टीव्ह गॅस या अमेरिकन संशोधकाने पात्याला त्वचेचा स्पर्श होताच सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पाते थांबवणारी करवत शोधून काढली. ‘सॉ-स्टॉप’ या नावाने ती २००४ च्या सुमारास बाजारात आली. तशी करवत घेणारा माणूस पैसे उधळत नाही, तो बोटे वाचवतो. लाकडाच्या बारीक धुळीमुळे कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे. तेव्हा भुसा खेचून घेणारे यंत्र ही चैन नव्हे. ज्याचे पोट हातावर आहे, तो सुतार कर्ज काढून उत्तम यंत्र घेतो, तेव्हा तो लोभी नसतो. तो आपल्या लेकरांच्या भाकरीची सोय करत असतो.

म्हणजे एकच यंत्र एका घरी गरज असते आणि दुसऱ्या घरी मोह. मग फरक ओळखायचा कसा?

यासाठी एक जुना विचार फार उपयोगी पडतो. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने म्हटले आहे की कोणत्याही कलेचे साधन अमर्याद नसते. वैद्याला रोगी जितका बरा करता येईल तितका करायचा असतो, त्याला मर्यादा नाही. पण औषधाला मर्यादा आहे, कारण ते किती द्यायचे हे आरोग्यावरून ठरते. संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी हाच धागा पुढे नेला. बाहेरच्या वस्तू माणसासाठी साधने आहेत, म्हणून त्यांचे चांगलेपण प्रमाणात आहे, आणि प्रमाण ओलांडणारी हाव म्हणजे लोभ, असे ते शिकवतात. साधनाचे माप साध्य ठरवते. टेबल बनवायचे असेल तर किती हत्यारे लागतील हे सांगता येते. काहीच बनवायचे नसेल तर ते कधीच सांगता येत नाही, आणि म्हणूनच खरेदीला शेवट राहत नाही.

ही गोष्ट आम्ही पुस्तकातून शिकलो असे म्हणायला हवे होते. पण आम्ही ती घरात शिकलो. आमच्या घराच्या मागच्या दाराचा उंबरा उंच आहे. गुडघे दुखू लागल्यावर आईने एक लाकडी पायरी करून मागितली. चार फळ्या आणि दहा-बारा स्क्रूंचे काम. आम्ही उत्साहाने लागलो, म्हणजे हत्यारे घ्यायला लागलो. आधी बॅटरीचे ड्रिल, मग विजेची करवत, मग फळ्या आवळून धरायचे शिकंजे. मग ती सगळी ठेवायला भिंतीवर तिरप्या पट्ट्या ठोकून फळ्यांची रचना केली. ती खरोखरच छान झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही ती दाखवत होतो. आई दोन विटा एकमेकींवर ठेवून त्यावर पाय देऊन मागच्या अंगणात उतरत होती. असे दोन पावसाळे गेले.

एक दिवस त्यातली वरची वीट हलली. आई पडली नाही, दाराची चौकट तिच्या हाती लागली. ती आम्हांला काही बोलली नाही. तिने वीट पुन्हा सारखी करून ठेवली. त्याच दुपारी शेजारच्या काकांची जुनी हातकरवत मागून आणून आम्ही पायरी केली. संध्याकाळच्या रोझरीच्या आत झाली. एक पाय किंचित आखूड आहे, त्याखाली पत्र्याचा तुकडा घातला आहे. पण ती हलत नाही.

आम्ही त्या हत्यारांवर किती खर्च केला याची आम्हांला खंत नाही. पैसा कष्टाचा होता, आणि दारूत घालवण्यापेक्षा बरा, असे घरातलेही म्हणत होते. खंत आहे ती त्या दोन पावसाळ्यांची. तयारी करता करता आम्हांला वाटत होते की आपण आईचेच काम करतो आहोत. हाच या मोहाचा कावा आहे. तो पापासारखा दिसत नाही, सेवेसारखा दिसतो.

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील (१२:१६–२१) त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पीक अमाप आले. त्याने चोरी केली नाही, कोणाला लुबाडले असेही तिथे म्हटलेले नाही. त्याच्यापुढे प्रश्न एकच होता: ठेवू कुठे? उत्तर म्हणून त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जाणार होता. त्या गोष्टीत तो कोणाशीही बोलत नाही, फक्त स्वतःशी बोलतो. ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्याला पडला. द्यायचे कोणाला, हा पडला नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात हत्यारांसाठी वेगळे प्रकरण आहे, बत्तिसावे. मठाची हत्यारे विश्वासू बंधूंच्या हाती द्यावीत, त्यांची यादी ठेवावी, निष्काळजीपणा करणाऱ्याला समज द्यावी. त्याआधीच्या प्रकरणात ते सांगतात की मठाची सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. पण तेहतिसाव्या प्रकरणात ते कोणालाही स्वतःची म्हणून एकही वस्तू ठेवू देत नाहीत. हत्याराला जपायचे, पण त्याला ‘माझे’ म्हणायचे नाही. आपण संसारी माणसे. सगळे सामाईक करणे आपल्याला जमणार नाही. पण जपणे आणि कवटाळणे यांतला फरक आपल्यालाही शिकता येईल.

संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात म्हटले आहे की यंत्र माणसाचे सोबती आहे, पण ते त्याच्यावर स्वार झाले तर त्याचे वैरीही होऊ शकते. श्रम करणारा माणूस आधी, साधने नंतर, हा क्रम त्यांनी ठामपणे मांडला. हा क्रम कारखान्यात जितका खरा, तितकाच आपल्या घराच्या पडवीतही खरा आहे.

काही लोक तो क्रम पुन्हा लावूनही घेतात. क्रिस्तोफर श्वार्झ हा अमेरिकेतील सुतारकामाच्या एका मासिकाचा संपादक होता. २०११ साली त्याने एक पुस्तक लिहिले. एका पेटीत मावतील अशी पन्नासच्या आत चांगली हत्यारे असली तर जवळजवळ कोणतेही फर्निचर बनवता येते, असे त्याचे म्हणणे. ज्याच्या धंद्यातच नव्या हत्यारांची परीक्षा करणे होते, त्याने हे सांगावे, याला मोल आहे.

आपण काय करावे? पुढची वस्तू घेण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हिने मी काय बनवणार आहे? ते कोणासाठी? आणि तो माणूस आत्ता, या घडीला, कशावर पाय देऊन उभा आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल घ्यावी, आणि चांगली घ्यावी. मिळाली नाहीत तर थांबावे. जे घरी पडून आहे ते शेजाऱ्याला वापरायला द्यावे. आपल्याच धर्मग्रामात आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला एखादा मुलगा असेल, ज्याला पहिले काम मिळाले आहे आणि ड्रिल नाही. आपल्या भिंतीवर टांगलेले ड्रिल त्याच्या हाती गेले, तर ते प्रथमच आपल्या कामाला लागेल.

हे केवळ लाकडाच्या हत्यारांचे नाही. प्रार्थनेची पुस्तके, रोझरीच्या माळा, तीर्थयात्रांचे फोटो, रिट्रीटच्या वह्या, ही सगळी आपली आध्यात्मिक हत्यारे आहेत. कपाट भरले म्हणून प्रार्थना झाली असे होत नाही.

१९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामगार संत जोसेफ यांचा सण म्हणून ठरवून दिला. त्या दिवशी आपण हत्यारांना आशीर्वाद मागतो. या वर्षी ती वेदीपुढे आणताना ज्याच्यासाठी ती आपल्या हाती दिली आहेत, त्याचेही नाव मनात असू द्यावे.