स्वधर्म आणि सुटलेले काम

वाट्याला आलेले काम निष्ठेने करणे म्हणजे स्वधर्म, असा गीतेतल्या विवेचनाचा रूढ अर्थ आहे. मग ते कामच जगातून नाहीसे झाले तर स्वधर्माचे काय होते? नवे यंत्र येते, कारखाना बंद पडतो, वर्षानुवर्षे कमावलेल्या कसबाला गिऱ्हाईक उरत नाही, तेव्हा हा प्रश्न पोथीतून उठून थेट चुलीपाशी येतो.

गीतेची सुरुवातच काम टाकू पाहणाऱ्या माणसापासून होते. गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे, असे अर्जुन म्हणतो आणि कृष्ण त्याला परावृत्त करतो. यावरून ‘धंदा बदलू नये’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी विराटपर्व नजरेआड केलेले असते. याच अर्जुनाने युद्धाआधी वर्षभर अज्ञातवासात बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्यगायन शिकवले. भीम मुदपाकखान्यात राबला, नकुलाने घोडे सांभाळले, सहदेवाने गाई, द्रौपदीने राणीची वेणीफणी केली. प्रत्येकाने आधीपासून अंगात असलेले काही ना काही कामी आणले. अर्जुनाला ही कला चित्रसेन गंधर्वाकडून मिळाली होती. इंद्राने ती शिकून घ्यायला सांगितले होते, आणि धनुर्धराला तिचा उपयोग झाला तो या अज्ञातवासात.

महाभारताचा मोठेपणा असा, की हा बदल त्याने सोपा करून दाखवलेला नाही. द्रौपदी रात्री भीमाकडे जाऊन रडते. ज्याच्या धनुष्याच्या टणत्काराने शत्रू कापत, तो बांगड्या भरून मुलींच्या घोळक्यात वावरतो, हे तिला पाहवत नाही. खंबीर माणसाला दुःख होत नाही, ही समजूत या एका प्रसंगापुढे टिकत नाही. दुःख होते, बोलूनही दाखवले जाते, आणि सकाळी पुन्हा काम सुरू होते.

गीतेने योगाला कर्मातले कौशल्य म्हटले आहे. आज प्रशिक्षण केंद्रांच्या पाट्यांवर हाच शब्द दिसतो, पण तिथे त्याचा अर्थ हातातले कसब एवढाच उरतो. गीतेत त्याच्या जोडीला समत्व आहे : यश आले किंवा गेले तरी बुद्धी ढळू न देणे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्म न सोडता हे साधण्यावर सगळा भर दिला. या दृष्टीने पगार, हुद्दा, मान ही फळे ठरतात. ती गेली तरी नीट काम करण्याची वृत्ती माणसाबरोबर पुढच्या कामात जाते. स्वधर्माचा हाच अर्थ बदलत्या काळात टिकणारा आहे.

पण पुढचे काम धरायला मोकळीक हवी. मनुस्मृतीने आपत्काळी वरच्या वर्णांना खालच्यांचे व्यवसाय करू दिले. खालच्यांनी वरच्यांचा व्यवसाय धरला तर मात्र दंड सांगितला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नेमके इथे बोट ठेवले. उद्योगांची स्थिती सतत पालटत असते, तिच्याबरोबर माणसाला व्यवसाय बदलता आला पाहिजे. जात तो बदलू देत नाही आणि म्हणून ती बेकारीचे थेट कारण बनते, असे त्यांनी मांडले. ज्याच्यासाठी दार बंद आहे, त्याला मन घट्ट करण्याचा उपदेश करणे हा अन्याय आहे.

मुंबईच्या गिरणगावात समत्व आणि मोकळीक या दोन्ही गोष्टींची एकदमच कसोटी लागली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या कापडगिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर अनेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. साच्यावर तयार झालेल्या कसबाला गिरणीबाहेर मोल नव्हते. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी इमारतीच्या दाराशी रखवालदार झाले, कोणी कोकणात, घाटावर शेतीकडे परतले. त्यांनी मिळेल ते काम धरले, यात समत्व दिसते. ते गीतेने कर्त्याला स्वतःसाठी सांगितले आहे. मालकाने कामगाराकडून वसूल करण्याची ती गोष्ट नाही. मिळेल ते काम धरूनही तेच कामगार थकलेली देणी आणि गिरण्यांच्या जमिनीवर घरे मिळावीत म्हणून पुढे अनेक वर्षे लढत राहिले.