आवळू नका, उघडून बघा

स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, की आपण काय करतो? आणखी जोर लावून आवळतो. थेंब क्षणभर थांबतो. मग पुन्हा टपटप.

नळ बहुधा चांगलाच असतो. आत एक छोटा रबरी वायसर असतो. वापरून वापरून तो कडक होतो. त्यावर गोल चरा पडतो. जितकं आवळावं, तितका चरा खोल जातो. म्हणून आवळू नका, उघडून बघा. आधी मेन कॉक बंद करा. पान्याने नळाचं डोकं सोडवा. जुना वायसर काढा, त्याच मापाचा नवा बसवा. मग नळ हलक्या हाताने बंद होतो.

घरातही असंच होतं, नाही का? मुलगा अबोल झाला, की आपला आवाज चढतो. सून थकली, की अपेक्षा वाढतात. माणूस वाईट नसतो हो. आत काहीतरी झिजलेलं असतं. कुणाची झोप, कुणाचा आत्मविश्वास. कुणाचं तर कित्येक दिवसांत कौतुकच झालेलं नसतं. आवळू नका, उघडून बघा. त्यासाठी आधी आपला राग थांबवावा लागतो. मला तेच सगळ्यांत अवघड वाटतं.

आज चहा घेताना घरातल्या अशा एखाद्या माणसाच्या शेजारी बसा. “काय जड जातंय रे?” एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.