भिंत काढली, पुढे?

घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच, हा वेदान्ताचा दृष्टान्त आमच्या घरच्या प्रवचनांत मी लहानपणापासून ऐकला. पटला असं कधी वाटलं नाही. त्याच्या जवळ गेले ती श्रीलंकेत, बेंटोटाजवळच्या लुनुगंगाला.

जेफ्री बावा या वास्तुकारानं १९४८ साली हा जुना रबराचा मळा घेतला आणि २००३मध्ये मरेपर्यंत तो घडवला. व्हरांडा कुठे संपतो नि बाग कुठे लागते, कळत नाही. समोर गवताळ टेकडी, झाडाखाली एक मोठा रांजण, पार पलीकडे स्तूप. स्तूप दिसावा म्हणून बावांनी टेकडीचा माथा उतरवला. मधून गावचा रस्ता जातो. तो खोल चरात दडलाय. नजर अडत नाही, पण येणारीजाणारी माणसंही दिसत नाहीत.

इथेच माझं वेदान्ताशी भांडण जुंपतं. भिंत नसली की ‘मी’ विरतो, की क्षितिजापर्यंत फोफावतो? दुसऱ्यांच्या श्रद्धेचा स्तूपही माझ्याच चित्रात! मला तर तो फोफावतो, हेच खरं वाटतं. असाच मोकळेपणा मिरवणाऱ्या, गोव्यात आसगावला पाहिलेल्या नव्या व्हिलांत तर सरकत्या काचा आहेत, आणि भोवती पुरुषभर उंच कुंपण.

तरी बावांना एक श्रेय देते. त्यांच्याकडे बाहेरचं नुसतं बघायला नाही, ते आत येतं: ओल, शेवाळ, किडे. आपल्या पडवीतही येतंच की. मोकळेपणाला तत्त्वज्ञान म्हणायचं, तर तेवढा उपद्रव सोसायची तयारी हवी, आणि ती त्या काचवाल्यांकडे मला दिसली नाही.