घराचे अंतर कोठून मोजावे?

मुंब्रा किंवा मीरा रोड येथे घर पाहावयास गेलेल्या कुटुंबाच्या हाती प्रथम बिल्डरचे माहितीपत्रक पडते. स्टेशन इतक्या मिनिटांवर, शाळा समोर, मस्जिद जवळ, दवाखाना नाक्यावर. अशी चौकशी करण्यात गैर काहीच नाही. इब्ने हिब्बान यांनी नोंदविलेल्या हदीसनुसार प्रशस्त घर, सज्जन शेजारी आणि सुखाचे वाहन यांची गणना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मानवाच्या सौभाग्यात केली आहे. इस्लाम गैरसोयीला पुण्य मानत नाही.

परंतु माहितीपत्रकातील प्रत्येक अंतर ‘मला काय मिळेल’ यासाठी मोजलेले असते. हजरत आयेशा (रजि.) यांनी एकदा विचारले की, मला दोन शेजारी आहेत, भेटवस्तू कोणाला पाठवू? ज्याचे दार तुझ्या दाराला अधिक जवळ आहे त्याला, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. सहीह बुखारीतील या हदीसमध्येही अंतरच मोजले आहे, पण ते देण्यासाठी! जे जवळ आहे त्याचा मजवर हक्क अधिक, हा तो हिशेब.

हा हक्क केवळ ओळखीच्यांचा नव्हे. सूरह अन-निसाच्या ३६व्या आयतीत नातलग शेजाऱ्याबरोबरच परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तनाचा आदेश आहे आणि अनेक भाष्यकारांनी त्यात अन्यधर्मीय शेजाऱ्याचाही समावेश केला आहे. नव्या इमारतीत एकाच मजल्यावर कोकणातले, उत्तर प्रदेशातले, दक्षिणेतले कुटुंब राहते. बंद दारांच्या त्या मजल्यासाठीच जणू ही आयत आहे.

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात आली. त्यांतील ज्यांची ऐपत वाढली, त्यांना आता अधिक सोयींच्या वस्तीत जावेसे वाटते. हे योग्य आहे काय?

मदीनेच्या कडेला राहणाऱ्या बनू सलिमा या कुळाला मस्जिदीजवळ राहावयास यायचे होते. हेतू शुद्ध होता. तरीही प्रेषितांनी (स.) त्यांना आहे तेथेच राहण्यास सांगितले आणि दुरून चालत येताना पडणारे प्रत्येक पाऊल नोंदले जाते, असा दिलासा दिला. शहराची कड ओसाड पडू नये, ही त्यामागील दृष्टी बुखारींनी नोंदविली आहे.

यावरून स्थलांतर निषिद्ध ठरत नाही. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे आजारपण ही रास्त कारणे आहेत. मात्र शिकलेली, सधन माणसे उठून गेली की शाळेसाठी, पाण्यासाठी, गटारांसाठी महापालिकेकडे पाठपुरावा करणारे कोणी उरत नाही आणि मागे राहतात ते ज्यांना कोठे जाता येत नाही. आपल्या जाण्याची किंमत त्यांनी मोजावी काय?

मदीनेत गोड्या पाण्याची टंचाई होती तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. त्यांना स्वतःपुरते पाणी विकत घेणे सहज शक्य होते.

म्हणून घर घेताना आणि सोडतानाही दोन प्रश्न विचारावेत. येथे मला काय मिळते? आणि माझ्या असण्याने या वस्तीला काय मिळते? पहिल्याचे उत्तर बिल्डर देतो. दुसऱ्याचे उत्तर आपणास अल्लाहसमोर द्यावयाचे आहे.